‘रडू नका’ म्हणायच्या आधी: पाळकीय समुपदेशन शिकतात म्हणजे काय करतात

मावशी: पोरगं गेलं. मी मात्र राहिले.
मी: रडू नका मावशी. देवाची काहीतरी योजना असते.
मावशी: (भिंतीकडे तोंड करून) असंल.
मी: तुमच्यासाठी प्रार्थना करू का?
मावशी: करा.

ही माझ्या वहीतली पहिली नोंद. मी बी.डी.च्या, म्हणजे पाळक होण्यासाठीच्या धर्मशास्त्राच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला होते आणि आम्हाला रुग्णांना भेटायला शिकावं म्हणून मराठवाड्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात पाठवलं होतं. माझ्याकडे बायकांचा हाडांचा वॉर्ड होता. मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ, उजवा पाय प्लास्टरमध्ये. मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसल्या होत्या. मुलगा जागीच गेला. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वरच्या पाच ओळी जशाच्या तशा आहेत.) मी जेमतेम चार मिनिटं थांबले असेन. प्रार्थना करून वॉर्डाबाहेर आले तेव्हा काम चांगलं झालं असंच मला वाटत होतं.

संध्याकाळी ही नोंद आमच्या विद्यार्थ्यांच्या गटापुढे वाचली. शिकवणाऱ्या सरांनी एकच प्रश्न विचारला. “त्या रडत होत्या का?”

मी वहीत पाहिलं. त्या रडत नव्हत्या.

सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, काय शिकवतात, बायबल तर घरीही वाचता येतं, असं मला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, एकदा तर बसमधल्या अनोळखी बाईंनीही विचारलं आहे. त्या सगळ्यांना द्यायचं उत्तर सरांच्या त्या प्रश्नात आहे. ते नीट उलगडून सांगावं म्हणून हा लेख.

आधी शब्द. इंग्रजीतला ‘पास्टर’ हा मुळात लॅटिन शब्द, त्याचा अर्थ मेंढपाळ. मराठी ख्रिस्ती माणसाने त्याला ‘पाळक’ म्हटलं आणि शब्दाचा जीव तसाच राहिला: पाळणारा, राखणारा. गावात त्यांना पाळकसाहेब म्हणतात, कॅथलिकांमध्ये फादर. मंडळीची, म्हणजे चर्चच्या कुटुंबांची, पाळक जी विचारपूस करतो ती ‘पाळकीय काळजी’. बाळंतिणीला भेटायला जाणं, मयताच्या घरी रात्र काढणं, दहावीत नापास झालेल्या पोराच्या घरी निकालाचं नावही न काढता चहा पिऊन येणं, हे सगळं त्यात आलं. त्यासाठी कोणी वेळ मागत नाही.

‘पाळकीय समुपदेशन’ त्याहून नेमकं असतं. इथे माणूस स्वतःहून एक अडचण घेऊन येतो. कुठे बसायचं, किती वेळ बसायचं, कशाबद्दल बोलायचं आणि ते कोणाच्या कानावर जाणार नाही, हे दोघांत ठरतं. पाळक मानसशास्त्रातली ऐकण्याची शिस्त वापरतो, आणि समोरच्याची तयारी असेल तर श्रद्धेचे प्रश्नही बोलण्यात येतात: देवाचा राग येणं, क्षमा न करता येणं, प्रार्थना कोरडी होणं.

याच्या पलीकडे मानसोपचार सुरू होतो, आणि ती हद्द पाळकाने ओलांडायची नसते. खोल नैराश्य, कानात आवाज येणं, दारूचं व्यसन सुटताना होणारी थरथर, यांना डॉक्टर लागतो. मला विचाराल तर या अभ्यासक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट ही हद्द ओळखायला शिकणं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने बारा राज्यांत केलेल्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार असल्याचं दिसलं. त्यातही आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. अशी माणसं आधी जातात कुठे? कोणी भगताकडे, कोणी बाबाकडे, कोणी दर्ग्यात आणि कोणी पाळकाच्या दारात. “हे माझ्या हातातलं नाही, चला, आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ” हे त्या दारातल्या माणसाला म्हणता आलं, तर एखादा जीव वाचतो. आणि “विश्वास ठेव, गोळ्या बंद कर” असं तो म्हणाला तर जीव जाऊही शकतो. श्रद्धेच्या नावाने औषध बंद करायला लावणं हा गुन्ह्याइतका गंभीर प्रकार आहे असं मी मानते. त्यात मला मधला रस्ता दिसत नाही.

पदवी कुठली, कॉलेज कुठलं

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट विद्यार्थ्याची वाट बहुधा श्रीरामपूरवरून जाते. आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं हुगळीकाठचं. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून पदव्या देण्याची सनद १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून मिळाली. पुढे १९१८ च्या कायद्याने त्याला आजचं स्वरूप आलं, आणि देशभरातल्या अनेक लहान-मोठ्या सेमिनऱ्या आज तिथल्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, जोडलेल्या आहेत. (मराठी माणसासाठी एक गोष्ट जाता जाता: याच केरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं.) पुण्यातली युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र आणि यवतमाळला सुरू होऊन १९८३ मध्ये बिबवेवाडीला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी या त्याच परिवारातल्या.

बी.डी. ही मुख्य पदवी, पदवीधरांसाठी साधारण चार वर्षांची. त्यात जुना करार, नवा करार, हिब्रू किंवा ग्रीक, धर्मसिद्धान्त, चर्चचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास, नीतिशास्त्र असं बरंच काही असतं. पाळकीय काळजी आणि समुपदेशन हा ‘ख्रिस्ती सेवाकार्य’ या शाखेतला एक भाग, उपदेश करणं आणि उपासना चालवणं या विषयांच्या शेजारी बसणारा. ज्यांना यातच पुढे जायचं ते एम.टीएच. ही पदव्युत्तर पदवी करतात. कॅथलिक धर्मगुरूंची तयारी वेगळी आणि जास्त लांब असते. पुण्याची पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्याला आली.

बी.डी. झाली म्हणजे कोणी मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि त्यासाठीचं शिक्षण वेगळं असतं. दारावर ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावण्याआधी हे माहीत असावं.

माणूस हीच पोथी

वर्गातला विषय थेट वॉर्डात कसा आला, याची गोष्ट एका आजारी माणसापासून सुरू होते.

अँटन बॉइसन हा अमेरिकन पाळक, जन्म १८७६ चा. १९२० मध्ये त्याला तीव्र मानसिक आजाराचा झटका आला आणि मनोरुग्णालयात दाखल व्हावं लागलं. भ्रम, भीती, जग बुडणार असल्याची खात्री, या सगळ्यातून तो गेला. बरा होताना त्याच्या लक्षात आलं की या अवस्थेत आपण जे प्रश्न विचारत होतो ते धर्माचेच होते, पण वॉर्डात त्यांबद्दल बोलायला कोणी नव्हतं. डॉक्टरांना धर्म कळत नव्हता आणि भेटायला येणाऱ्या पाळकांना आजार. १९२४ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलात चॅप्लिन, म्हणजे रुग्णालयाचा पाळक, म्हणून रुजू झाला. पुढच्या उन्हाळ्यात, १९२५ मध्ये, त्याने धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी तिथे बोलावले. ते वॉर्डात मदतनीस म्हणून राबायचे आणि संध्याकाळी बसून, दिवसभरात भेटलेली माणसं समजून घ्यायचे.

बॉइसनचं म्हणणं असं: विद्यार्थी जशी जुनी हस्तलिखितं अक्षर न् अक्षर लावून वाचतो, तशीच जिवंत माणसंही वाचायची. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर माणूस हीच पोथी. पोथी वाचणारा तिच्यात मनाचं घुसडत नाही. गहाळ शब्दापाशी थांबतो, पुन्हा वाचतो.

त्याच सुमारास बोस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी मागणी केली की वैद्यकीच्या विद्यार्थ्यांप्रमाणे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही रुग्णांजवळ राहून शिकवा. यातून जी पद्धत घडली तिला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन म्हणतात. आम्ही सगळे तिला नुसतं ‘सीपीई’ म्हणतो. अमेरिकेत सीपीईचं एक युनिट किमान ४०० तासांचं असतं, त्यातले निदान १०० तास गटात आणि पर्यवेक्षकाजवळ बसून शिकण्याचे. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे प्रशिक्षण मिळतं. आमच्यासारख्या लहान सेमिनऱ्या जवळच्या मिशन हॉस्पिटलाशी बोलून आपापल्या बेताने काही आठवडे जमवतात.

मृत्यूबद्दलच्या एका प्रसिद्ध विचाराचा उगमही असाच आहे. शिकागोत १९६५ मध्ये धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांना माणसाच्या आयुष्यातल्या संकटांवर अभ्यास करायचा होता, आणि सगळ्यांत मोठं संकट म्हणून त्यांनी मरण निवडलं होतं. त्या बाई म्हणजे एलिझाबेथ क्यूबलर-रॉस. मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांनाच विचारू या, असं ठरलं. त्या मुलाखतींतून १९६९ मध्ये दुःखाच्या पाच टप्प्यांची मांडणी आली: नाकारणं, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. आज व्हॉट्सॲपवरही हे टप्पे फिरतात. पण ते मुळात स्वतः मरणाऱ्या माणसांबद्दलचे होते, मागे राहिलेल्यांबद्दलचे नव्हते, आणि कोणी ते ओळीने पार करत नाही. मावशींना मी मनातल्या मनात ‘नाकारणं’ या कप्प्यात टाकून मोकळी झाले होते. कप्प्यात टाकलं की ऐकायचं काम संपतं.

वहीतल्या पाच ओळी

सीपीईचा गाभा म्हणजे व्हर्बॅटिम, शब्दशः नोंद. रुग्णाजवळ टेपरेकॉर्डर न्यायचा नाही, वहीसुद्धा काढायची नाही. भेट झाली की कोपऱ्यात बसून आठवेल तसं लिहायचं: ती काय म्हणाली, मी काय म्हटलं. प्रत्येक ओळीला क्रमांक. शांतता असेल तर ‘शांतता’ लिहायचं. हात, डोळे, पदर कंसात. नाव लिहायचं नाही. वर दोन-तीन ओळीत, मी कोणत्या विचाराने आत गेले ते. शेवटी तीन प्रश्न: तिचं काय चाललं होतं, माझं काय चाललं होतं, यात देवाबद्दल काय बोललं गेलं किंवा राहून गेलं. स्मरणातून लिहिताना जी ओळ विसरते, तीही पर्यवेक्षकाला बरंच सांगते.

मग गट ती नोंद वाचतो. परीक्षा घेतल्यासारखं नाही, पण सोडतही नाहीत.

माझ्या पाच ओळींवर दीड तास गेला. पहिली ओळ: “पोरगं गेलं. मी मात्र राहिले.” त्यात दोन वाक्यं आहेत. मला पहिलंच ऐकू आलं. वर्गातला जालन्याचा एक मुलगा म्हणाला, “त्या ‘मी मात्र राहिले’ म्हणताहेत. ते मुलाबद्दल नाही, स्वतःबद्दल आहे.” अपघातातून वाचलेल्या माणसाला आपण का वाचलो याचा अपराध वाटतो, हे आम्ही पुस्तकात वाचून आलो होतो. समोर आलं तेव्हा ओळखलं नाही.

दुसरी ओळ: “रडू नका.” त्या रडतच नव्हत्या, मग मी हे कोणाला म्हणत होते? उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. दोन दिवसांनी आलं. माझे वडील गेले तेव्हा मी अकरावीत होते आणि घरात येणारा प्रत्येक माणूस मला हेच सांगत होता. मावशींच्या खाटेपाशी उभी राहून मी त्या अकरावीतल्या मुलीला गप्प करत होते. मदत करणाऱ्याच्या स्वतःच्या जुन्या जखमा समोरच्या माणसावर उतरतात, याला मानसशास्त्रात काउंटर-ट्रान्सफरन्स म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट साधी: आपण दुसऱ्याशी बोलतोय असं वाटतं आणि बोलत असतो स्वतःशी.

‘देवाची योजना’ या शब्दांवर सर बराच वेळ गप्प होते. मग ते ईयोबाच्या मित्रांविषयी बोलले. बायबलमध्ये ईयोबाची लेकरं, धन, प्रकृती, सगळं एकामागोमाग जातं. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. तोवर ते उत्तम पाळक होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर, कारण त्यांना ईयोबाच्या दुःखाचं कारण सांगायचं होतं. ‘योजना’ हा शब्द माझ्यापुरता खरा असेल. आठ दिवसांपूर्वी पोर गमावलेल्या आईला तो मी सांगणं म्हणजे तिच्या पोराचा मृत्यू देवाच्या हिशोबात मांडून दाखवणं.

आणि “असंल”. गटातल्या सगळ्यांनी या एका शब्दावर बोट ठेवलं. मराठीत ‘असेल’ म्हणजे होकार नसतो. ते दार लावून घेणं असतं, सभ्यपणे. त्यानंतर “प्रार्थना करू का” या प्रश्नाला त्या काय म्हणणार होत्या? मिशन हॉस्पिटलची खाट, समोर कॉलेजचं ओळखपत्र लटकवलेली मुलगी. नाही म्हणायची सोय कुठे होती त्यांना? आजारी माणूस आधीच आडवा पडलेला असतो, आपण उभे असतो. त्याच्या नकाराला जागा नसेल तर त्याचा होकारही खरा नसतो. परक्या धर्माच्या रुग्णाजवळ हे दुपटीने पाळावं लागतं. चॅप्लिन तिथे माणसाच्या श्रद्धेची राखण करायला असतो, मग ती श्रद्धा विठ्ठलावरची का असेना. कोणाच्या दुबळ्या घडीचा उपयोग आपला धर्म पुढे करायला करणं मला लबाडी वाटते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. स्टूल ओढून खाली बसले, डोकं त्यांच्या डोक्याच्या उंचीवर येईल असं. बराच वेळ काही नाही. मग मी म्हटलं, “काल तुम्ही म्हणालात, मी मात्र राहिले.” एवढंच. समोरच्याचे शब्द त्याच्याच हातात परत देणं ही या शिक्षणातली सर्वांत जुनी आणि सर्वांत साधी युक्ती. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती मानसशास्त्रात रुजवली. (रॉजर्स स्वतः न्यूयॉर्कच्या एका सेमिनरीत शिकायला गेला होता आणि तिथून मानसशास्त्राकडे वळला.)

त्या छताकडे बघत म्हणाल्या, “मीच म्हटलं होतं त्याला, आज मला बाजाराला सोड.”

इथे जिभेवर काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे: तुमची काय चूक त्यात. तेही म्हणायचं नसतं, निदान लगेच नाही. कारण ते म्हटलं की वाक्य संपतं, आणि त्या माणसाला ते वाक्य पुरं बोलायचं असतं. मी नुसतं “हं” म्हटलं. त्यानंतर चाळीस मिनिटं त्या बोलल्या, आणि शेवटी रडल्या.

विचारायला भीती वाटते तो प्रश्न

तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, “जगून काय करू आता.” असं वाक्य आपल्याकडे बायका सहज म्हणतात, त्यामुळे कान सहज बंद होतात. आम्हाला शिकवलं होतं ते असं: इथे आडवळण घ्यायचं नाही. “मरावंसं वाटतं का? काही करायचं मनात येतं का? कसं, ते ठरवलंय का?” असं स्पष्ट विचारायचं. विचारल्याने डोक्यात विचार येतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारलं यानेच ओझं हलकं होतं. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, नर्स आणि डॉक्टरांना सांगायचं, घरच्या एका भरवशाच्या माणसाला बोलवायचं. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं. पोलीस केसच्या भीतीने हॉस्पिटल टाळणाऱ्या घरांना हे पाळकाने सांगायला हवं.

मावशी म्हणाल्या, “मनात येतं. पण नातवंड लहान हाय.” मी हे सिस्टरांना सांगितलं, आणि सांगणार आहे हे मावशींना आधी सांगितलं.

गुप्ततेचा भाग इथेच येतो. कॅथलिक पापनिवेदन, वसईकडे ज्याला कुमसार म्हणतात, त्यावर चर्चच्या कायद्याचं कुलूप आहे. धर्मगुरूने ऐकलेलं कोणत्याही कारणाने उघड करायचं नाही. समुपदेशन म्हणजे कुमसार नव्हे. तिथे गुप्तता असते, पण तिला सीमा असतात, आणि त्या पहिल्याच बैठकीत सांगायच्या: कोणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तरीही नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून प्रकरण पंचकमिटीत मिटवणं हा पर्याय कायद्यात नाही. येशूने लेकरांना जवळ घेतलं म्हणून वेदीवरून सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो मुळीच नसावा.

न्यायालयात बोलावलं तर? नवरा-बायको आणि वकील-अशील यांच्यातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे. पाळकासाठी तसं वेगळं कलम नाही. विद्यार्थ्यांना हे ऐकून धक्का बसतो, पण आधी कळलेलं बरं.

पुस्तकात नसलेलं घर

या विषयावरची बहुतेक पुस्तकं अमेरिकेतली. त्यांत दोन खुर्च्या असतात, बंद दार असतं, पन्नास मिनिटं असतात. नगर, जालना, बीडकडच्या वस्तीत सुनेला ‘एकटीशी बोलायचंय’ म्हटलं की सासू, जाऊ आणि शेजारीण तिघी येऊन बसतात. तिथे कधी मोकळ्या अंगणात, सगळ्यांच्या नजरेत पण कोणाच्या कानावर न पडता, बाजेवर बसून बोलावं लागतं. कधी सासूशीच आधी बोलावं लागतं. तीन पिढ्यांची वंशावळ काढून कुठे काय तुटलं ते पाहण्याची एक पद्धत आहे, जीनोग्राम नावाची. आमच्या मंडळ्यांत ती काढायला घेतली की निम्मी मंडळी एकाच कागदावर येते. सगळे एकमेकांचे मामे-आते.

आणि जात. तिकडच्या मंडळ्यांतली बहुतेक कुटुंबं दलित समाजातून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती नाहीत. म्हणून कागदावर एक नाव, मंडळीत दुसरं, आणि दोन्हीकडे काहीतरी लपवल्याची भावना असं जगणारी माणसं मी पाहिली आहेत. झोप येत नाही म्हणून आलेल्या तरुणाच्या झोपेचं कारण कधी कधी तहसील कार्यालयातल्या दाखल्यात असतं. त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून भागत नाही. त्याच्या बरोबरीने उभं राहावं लागतं. ज्या समुपदेशनात जातीचा उल्लेखच होत नाही ते आमच्याकडे अर्धवट ठरतं.

लहान कॉलेजचं सुख आणि अडचण

आमच्या वर्गात अकरा जण. एकच मेस, एकच चॅपेल, पाण्याचा टँकर आला की प्राचार्यही बादली धरायचे. या विषयासाठी असं लहान घर फार चांगलं. कोण कोणाशी बोलणं टाळतं, कोणाचा ताट आपटून उठायचा स्वभाव आहे, हे सगळ्यांना दिसत असतं. वॉर्डात मी घाई केली तर “तू जेवतानाही अशीच दुसऱ्याचं वाक्य तोडतेस” असं म्हणणारी मैत्रीण गटात होती. तीनशे जणांच्या वर्गात हे मला कोणी सांगितलं नसतं.

पण त्याच लहानपणात एक खोट आहे, आणि ती मी अनुभवली. जे सर गटात आम्हाला मन उघडं करायला सांगायचे, तेच गुण द्यायचे, रविवारी तेच उपदेश करायचे आणि वर्षाअखेर धर्मप्रांताला आमचा अहवाल तेच पाठवायचे. आपल्याला दीक्षा, म्हणजे पाळक म्हणून चर्चची मान्यता, मिळणार की नाही ते ज्या कागदावर ठरतं तो लिहिणाऱ्यासमोर “माझा देवावरचा विश्वास सध्या डळमळीत आहे” असं कोण बोलेल? माझ्या एका वर्गमित्राने ते बोलण्याचं धाडस केलं. पुढे एका मुलाखतीत तेच वाक्य त्याच्यासमोर ठेवलं गेलं. त्यानंतर आमचा गट व्यवस्थित, छापील नोंदी लिहू लागला. कोणीच खरं लिहीत नव्हतं. सर वाईट नव्हते. एकाच माणसाला या सगळ्या भूमिका देणारी व्यवस्था चुकीची होती.

म्हणून कोणी लहान सेमिनरीत जायचं ठरवत असेल तर मी सांगते, ग्रंथालय नंतर बघ, आधी हे विचार. पर्यवेक्षक कॉलेजबाहेरचा आहे का? गटातलं बोलणं अहवालात जातं का? किती आठवडे रुग्णालयात पाठवतात, आणि तिथे रोज कोणी आपल्यासोबत बसतं की नुसतं सोडून येतात? विद्यार्थ्याला स्वतःला गरज पडली तर जायला समुपदेशक कोण? मुलींनी आणखी एक विचारावं: बायकांना दीक्षा देणाऱ्या मंडळीकडून मी जाते आहे का? उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), जी १९७० मध्ये नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन स्थापन झाली, बायकांना दीक्षा देते. सगळीकडे तसं नाही, आणि चार वर्षांनंतर ते कळणं फार जड जातं.

सीपीईच्या शेवटच्या आठवड्यात एक गोष्ट मुद्दाम शिकवतात: निरोप घेणं. विद्यार्थी एके दिवशी यायचाच बंद होतो आणि रुग्ण वाट बघत राहतो, असं होऊ द्यायचं नाही. चार दिवस आधी सांगायचं, शेवटच्या दिवशी पुन्हा सांगायचं, आणि ‘परत येईन’ असं खोटं म्हणायचं नाही.

मावशींचं प्लास्टर अजून निघायचं होतं. मी सांगितलं, “मावशी, शुक्रवारी माझा शेवटचा दिवस.” त्या काही बोलल्या नाहीत. शुक्रवारी गेले तेव्हा त्यांनी स्वतःच स्टूलकडे हात केला, बस म्हणून. नातवाचा फोटो दाखवला. मग म्हणाल्या, “तू त्या दिवशी प्रार्थना केली होतीस ना, तवा मी ऐकलीच नाय. आज कर. पोराचं नाव घे.”

मी नाव विचारलं. इतक्या दिवसांत ते मी एकदाही विचारलं नव्हतं.